पंचवीस वर्षांनंतर नष्ट

प्रति,
लष्कराच्या सर्व अभिलेख कार्यालयांतील अधिकारीवर्ग

विषय : दोन महायुद्धांवर गेलेल्या शिपायांचे लाँग रोल (पलटणीची नावनोंदणीची रजिस्टरं) त्यांच्या वारसांना वाचायला मिळण्याबाबत.
संदर्भ : पत्र्याची एक पेटी.

स.न.वि.वि.

मी निवृत्त तलाठी आहे. आयुष्यभर सात-बारा, फेरफार आणि रेकॉर्ड रूममधले लाल रुमाल यांच्यात राहिलो, त्यामुळे विषय-संदर्भ लिहिल्याशिवाय हात पुढे चालत नाही. सवयीबद्दल क्षमस्व.

जुलै २०२१ मध्ये महाडात पूर आला. आमच्या घरात पुरुषभर पाणी होतं. तीन दिवसांनी चिखल उपसताना माळ्याखालच्या कोनाड्यात आजोबांची पत्र्याची पेटी सापडली, कडी गंजून बंद झालेली. छिन्नी लावून उघडली. आत धोतराच्या चिंधीत बांधलेली तीन पदकं आणि कापडावर चिकटवलेला, चार घड्यांचा डिस्चार्जचा कागद. वरच्या दोन घड्या कशाबशा वाचता येत होत्या. खालच्या दोन घड्यांचा लगदा झाला होता.

आजोबा १९८४ साली गेले. लढाईबद्दल ते बोलत नसत. घरात जे बोललं जायचं ते आजीकडून आलेलं : ते ‘जर्मनच्या लढाईत’ होते, ते ‘काळ्या पाचवीत’ होते, आणि इटलीत लढताना डाव्या भुवईवर गोळी चाटून गेली. इटलीचा पुरावा आम्हा नातवंडांकडेही होता. दारावर पाववाला आला की आजोबा म्हणायचे, ‘‘दोन पाने आण.’’ आम्ही मुद्दाम विड्याची पानं नेऊन द्यायचो आणि ते हसायचे. इटालियनमध्ये पावाला ‘पाने’ म्हणतात हे मला चाळिशीत कळलं.

तेव्हा इटली पक्की होती. पदकांनी ती डळमळीत केली.

दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश शिपायांना कोरी दिली गेली, पण हिंदी फौजेच्या पदकांवर नाव ठोकलेलं असतं. स्टारच्या (ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या) पाठीवर, गोल पदकाच्या कडेवर : नंबर, हुद्दा, नाव, पलटणीचं आखूड नाव. दातांचा ब्रश आणि लिंबाचं पाणी घेऊन बसलो होतो. (असं करू नये, धातू खराब होतो, हे नंतर कळलं. इतरांनी कोरडं मऊ फडकं वापरावं.) तीन पदकं अशी निघाली : १९३९-४५ स्टार, आफ्रिका स्टार आणि वॉर मेडल. इटली स्टार नाही. चिंधी झटकून पाहिली, पेटीचा तळ खरवडला. नाहीच.

इटलीत लढलेल्याला इटली स्टार मिळतो. मग हा माणूस इटलीतल्या पावाला नावानं ओळखतो, पण इटलीत लढलेला नाही. हे कसं?

उत्तर आजीच्या शब्दात होतं, पदकात नव्हे. पदकावर फक्त मराठा पलटण एवढंच आहे, बटालियन नाही. १९२२ साली जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी केली. त्यामुळे ‘पाचवी’ म्हटलं की सारी रेजिमेंट आली. पण ‘काळी पाचवी’ ही एकच : जुनी १०५वी, तिच्याआधीची पाचवी बॉम्बे, म्हणजे १९२२ नंतरची दुसरी बटालियन. (पहिलीला ‘जंगी पलटण’ म्हणतात.) आम्हाला वाटायचं, काळी म्हणजे उन्हानं रापलेली. आजीनं जे नाव तोंडी जपलं त्यानं आजोबांना थेट एका ठिकाणी आणि एका तारखेला नेऊन उभं केलं.

ती बटालियन जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुकला होती. तटबंदीच्या आग्नेय बाजूला अकराव्या हिंदी ब्रिगेडचा मोर्चा होता, आणि २० जूनच्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलनं विमानं आणि रणगाडे घालून जिथं फळी फोडली ती फळी या मराठ्यांची. दुसऱ्या दिवशी, २१ जूनला, तोब्रुक पडलं. तेहतीस हजारांच्या आसपास माणसं कैद झाली. हिंदी कैद्यांना समुद्रापार इटलीत नेलं. आवेर्सा, आवेझ्झानो अशा ठिकाणी त्यांच्या छावण्या होत्या.

तर ‘पाने’ तिथून आला. कैद्याच्या हातात पडणारा पाव. आणि आजोबा गप्प का, तेही कळलं. पकडले गेलो हे सांगण्यापेक्षा लढलो असं घरच्यांना वाटू दिलेलं बरं, असा विचार त्यांनी केला असेल. आता त्यांना विचारायला ते नाहीत.

डिस्चार्जच्या कागदाचा वाचता आलेला अर्धा भाग वेगळ्याच गमती सांगतो. वय ‘ॲपरंट एज’ या रकान्यात आहे : दिसण्यावरून अठरा. आमच्या हिशेबानं ते तेव्हा सतराचेही नसावेत, पण भरतीच्या मांडवात जन्मदाखला कोण मागतो? ‘क्लास’ या रकान्यात कोंकणी मराठा. हा इयत्तेचा वर्ग नव्हे. कोणत्या जातीची, कोणत्या प्रांतातली माणसं कोणत्या कंपनीत घ्यायची याचा सरकारी हिशेब होता. जिल्हा कुलाबा. मुंबईतल्या आमच्या भाच्यानं हे वाचून विचारलं, ‘‘पणजोबा ताजमहाल हॉटेलच्या मागे राहायचे?’’ १९८१ मध्ये कुलाब्याचा रायगड झाला, त्याआधी अख्खा महाड-माणगाव कुलाब्यातच होता. गावाचं स्पेलिंग असं की लिहिणाऱ्यानं ते बहुधा पंजाब्याच्या तोंडून ऐकलं असावं. नावाचं स्पेलिंग कागदावर एक, स्टारवर दुसरं, मेडलवर तिसरं. माणूस एकच, हे फक्त नंबर सांगतो. म्हणून सांगतो, ज्याला आपल्या घरातला शिपाई शोधायचाय त्यानं नाव नंतर, नंबर आधी धरावा.

आणि ओळखीची खूण. भरतीच्या दिवशीच्या वर्णनात स्पष्ट वाचता येतं : उंची पाच फूट चार इंच, डाव्या भुवईवर व्रण. म्हणजे ती जर्मन गोळी भरतीच्या आधीच लागून गेली होती! बैलानं शिंग मारलं असेल. माझी धाकटी आत्या हे ऐकून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला मात्र त्या ओळीचा राग येत नाही. आजोबांचा तरुणपणचा एकही फोटो आमच्याकडे नाही. भरतीवाल्या कारकुनानं टाकानं लिहिलेली ती दीड ओळ हाच त्यांचा अठराव्या वर्षीचा फोटो.

खालच्या अर्ध्या भागात परदेशी सेवा, कैद, परत आल्याची तारीख असणार. त्याचाच लगदा झाला. म्हणून तुमच्यापैकी एका कार्यालयाला अर्ज केला. उत्तर वेळेत आलं, नीट भाषेत आलं, सहीशिक्क्यासह आलं. तक्रार त्या कार्यालयाबद्दल नाही. उत्तराचा मजकूर मात्र दोन ओळींचा : सदर शिपाई निवृत्तिवेतनधारक नसल्यानं त्याची सेवाविषयक कागदपत्रं विहित मुदतीनंतर, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, नियमानुसार नष्ट करण्यात आली आहेत.

हा नियम खरा आहे. पेन्शनच्या वादात सैनिक न्यायाधिकरणापुढे तो पुन्हा पुन्हा येतो, विधवांच्या खटल्यांत तर फारच. मी तो वाचला आणि हिशेब केला. आजोबा १९४६ ला घरी पाठवले गेले. अधिक पंचवीस, १९७१. मी तेव्हा चौथीत होतो आणि आजोबा ओसरीवर बसून पाववाल्याची वाट बघत होते. माणूस अजून तेरा वर्षं जगायचा होता आणि त्याची फाइल जळाली होती.

आता जरा शांतपणे हा नियम कोणाला लागतो ते बघा. पेन्शनीसाठी पंधरा वर्षांची नोकरी लागते. शांततेच्या काळात जो पंधरा-वीस वर्षं छावणीत राहिला त्याची कागदपत्रं राहिली, कारण त्याला पैसे द्यायचे होते. लढाईपुरती जी भरती झाली, आणि १९४५ च्या ऑगस्टपर्यंत हिंदी फौज पंचवीस लाखांवर गेली होती, त्यातल्या बहुतेकांना लढाई संपताच घरी धाडलं. सहा वर्षं नोकरी, पेन्शन नाही. म्हणजे तुमच्या नियमानं नेमकी महायुद्धातलीच माणसं चाळून बाहेर काढली. मेला तो निदान राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत सापडतो; दुसऱ्या महायुद्धातले हिंदी फौजेचे ८७ हजारांहून अधिक तिथं आहेत. पेन्शनीत गेला तो प्रयागराजच्या पेन्शन खात्यात सापडतो. जिवंत परत आला आणि पेन्शनीविना नांगर धरला, तो कुठंच नाही.

आमच्या महसुलात कागदाचे वर्ग असतात. ‘अ’ कायम ठेवायचा, ‘ब’ तीस वर्षं, मग ‘क’, ‘ड’ असं खाली. गुंठाभर जमिनीच्या फेरफाराला ‘अ’ लागतो. आता तर जुने फेरफार स्कॅन करून सरकारनं ‘आपले अभिलेख’वर टाकलेत, गाव निवडा, थोडी फी भरा, पणजोबांचा अंगठा घरबसल्या बघा. त्याच पणजोबांचा मुलगा तोब्रुकला होता, त्याच्या कागदाला आमच्या ‘ब’ इतकीही मुदत मिळाली नाही. केंद्राचा १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा सांगतो की १८९२ च्या आधीचा कागद नष्ट करायचा नाही. म्हणजे सत्तावन्नच्या बंडातल्या शिपायाचा कागद राहिला असेल तर सुरक्षित, बेचाळीसच्या शिपायाचा नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात हे नसणार. पण झालं ते असं.

गेलेलं गेलं. जळालेलं परत मागायला मी हे पत्र लिहिलेलं नाही.

मी लिहितोय ते लाँग रोलबद्दल. त्या उत्तरात ज्याचा उल्लेखच नव्हता ते हे. शिपायाचा शीट रोल म्हणजे त्याची स्वतःची पत्रिका : पार्ट टू ऑर्डर (नोंदीचा लेखी हुकूम) निघाली की बढती, रजा, बदली, शिक्षा, जखम, सारं त्यात चढायचं. तो जळाला. पण पलटणीत नाव घालताना मोठ्या रजिस्टरात प्रत्येकाची एक ओळ लिहिली जायची : नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरती, सुटका, सुटकेचं कारण. तो लाँग रोल. न्यायाधिकरणाच्या निकालांतच दिसतं की ‘कागदपत्रं नष्ट झाली, मात्र लाँग रोल उपलब्ध आहे’ असं तुमचेच वकील सांगतात. खटला असला की ओळ सापडते. नातवानं विचारलं तर ‘नष्ट’ एवढाच शब्द हाती येतो. कारकुनानं वाईट हेतूनं लिहिलं असं मी म्हणत नाही. त्याला वाटलं असेल, या माणसाला पेन्शन हवी असणार, ती मिळत नाही, विषय संपला. तुमच्या कार्यालयांना येणारा प्रत्येक अर्ज पैशाचा असतो, ही सवय आहे. आम्हाला पैसे नकोत हे अर्जात तीनदा लिहूनही पटत नाही.

हा एका घराचा प्रश्न नाही. निवृत्तीनंतर माझ्या या खटाटोपाची बातमी आसपास पसरली आणि लोक पेट्या घेऊन यायला लागले. एका बाईंनी सासऱ्यांच्या आजोबांचं पदक आणलं. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल, पण चांदीचं नव्हे, काशाचं. घरात समजूत अशी की चांदीचं कुणी विकून नकली ठेवलं. नकली नाही हो, मी त्यांना सांगितलं. लढणाऱ्याला चांदीचं आणि हमाल, मजूर पलटणीतले यांना काशाचं, असा तेव्हाचा भेद होता. त्यांचा माणूस बंदूक घेऊन नाही, ओझं घेऊन इराकातल्या बसऱ्याला गेला होता. त्या बाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, ‘‘बरं झालं, चोरीचा आळ तरी गेला.’’ त्या घरात चुलत्यावर शंभर वर्षं चांदी विकल्याचा आळ होता.

बसऱ्याचं तर बोलायलाच नको. कोकणात आणि साताऱ्याकडे ‘बसऱ्याला गेला’ म्हणजे परत आला नाही, असा अर्थ अजून वयस्कर माणसं घेतात. इराकातल्याच कूत गावाच्या वेढ्यात, डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी अडकल्या. जे वाचले ते तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवले गेले. बसऱ्याच्या स्मारकावर साहेबांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, शिपायांची नाहीत. त्यांचे नुसते आकडे. युद्धसमाधी आयोगानं स्वतःच २०२१ च्या अहवालात कबूल केलं की अशी ४५ ते ५४ हजार माणसं, त्यात हिंदी फार, इतरांच्या बरोबरीनं स्मरली गेली नाहीत. ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षी लाहोर संग्रहालयात पडून असलेल्या रजिस्टरांमधून पंजाबच्या ३ लाख २० हजार शिपायांच्या नोंदी बाहेर आल्या, पहिल्या तीन जिल्ह्यांच्या तर गाववार शोधता येतील अशा. जालंधरकडचा माणूस कॅनडात बसून आपलं गाव उघडतो आणि पणजोबाची पलटण वाचतो. आमच्याकडे गावच्या वेशीवर संगमरवरी पाटी आहे : या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यातले इतके कामी आले. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आल्याचं सांगतात. पाटीवर आकडा आहे. नावं तुमच्या रजिस्टरात आहेत.

कुणी म्हणेल, पलटणीची वॉर डायरी बघा, ती लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात आहे. बघितली, एका ओळखीच्या मुलानं फोटो काढून पाठवले. डायरीत इंग्रज अधिकारी नावानिशी जखमी होतात. आपले ‘आय.ओ.आर.’ या तीन अक्षरांत : दोन ठार, नऊ जखमी. इंडियन अदर रँक्स. डायरी बटालियन कुठं होती ते सांगते, माझा माणूस त्यात होता की नाही ते सांगत नाही. तो दुवा फक्त लाँग रोलच्या ओळीत आहे.

म्हणून मागणी. १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ या काळातले लाँग रोल, ज्या पलटणींचे जे उरलेत ते, स्कॅन करून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्या. त्यांचं ‘अभिलेख पटल’ तयारच आहे, नवीन काही बांधायचं नाही. शोध नावानं नको, गावानं आणि तालुक्यानं द्या, कारण नावाचं स्पेलिंग कुणाच्या बापाला जमायचं नाही. आणि ‘मराठा’ शोधलं की जुन्या नोंदींतलं ‘महरट्टा’ही यावं एवढी सोय ठेवा. अर्ज आला तर ‘नष्ट’वर थांबू नका; काय नष्ट झालं, काय उरलं, ती ओळ काय म्हणते, हे तिसऱ्या ओळीत लिहा. खासगी माहितीचं कारण कृपया देऊ नका. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नं वीस वर्षांपूर्वीच्या घटनेला ते कारण लागू राहत नाही, आणि ज्यांची खासगी माहिती ती आम्हीच आहोत. जात-वर्गाचा रकाना झाकू नका. त्यात लाज वाटण्यासारखं काही असेल तर ते लिहिणाऱ्याचं आहे. आणि रकान्यांची एक पानी मराठी-हिंदी उकल सोबत जोडा, म्हणजे ‘डिस्चार्ज’ वाचून घरच्यांना वाटणार नाही की आजोबांना हाकलून दिलं. असं वाटून कागद चुलीत घातलेलं एक घर मला ठाऊक आहे.

मनुष्यबळ नाही असं उत्तर येईल हे मी स्वतः इतक्या वेळा लिहिलंय की ते मला आधीच ऐकू येतंय. प्रत्येक जिल्ह्यात माझ्यासारखे निवृत्त तलाठी, शिक्षक, पेन्शनीतले हवालदार बसून आहेत. मोडी वाचणारेही थोडे उरलेत. रजिस्टर हातात देऊ नका, स्कॅन द्या. आम्ही फुकट उतरवून देतो. सात-बाराच्या संगणकीकरणात जेवढ्या चुका केल्या त्याहून कमी करू, एवढी हमी देतो.

आणि माझ्या अर्जाचं. इटलीनं ८ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रं ठेवली तेव्हा छावण्यांतल्या कैद्यांच्या दोन वाटा झाल्या. काही डोंगरात पळाले, इटालियन शेतकऱ्यांनी त्यांना लपवलं, खाऊ घातलं. काहींना जर्मनांनी गाडीत भरून नेलं. त्यातले काही फ्रान्समधल्या एपिनाल इथं होते. मे १९४४ मध्ये तिथं बाँब पडले तेव्हा कुंपण मोडून सुमारे पाचशे हिंदी शिपाई स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपर्यंत चालत गेले. आजी ‘जर्मनची लढाई’ म्हणायची. तिला जर्मनी म्हणायचं होतं की सगळेच म्हणतात तसं म्हणत होती, हे सुटकेच्या तारखेवरून कदाचित समजेल. आजोबांचा नंबर स्टारच्या पाठीवरून उतरवून मी अर्जासोबत दिला होता. पुन्हा जोडत आहे. त्या नंबरपुढच्या ओळीत जे असेल ते, जसं लिहिलंय तसं, कळवावं ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त तलाठी
महाड, जि. रायगड (जुना कुलाबा)